समीकरणाचे शेजारी

वर्डमध्ये समीकरण बिघडलं की माणूस सगळ्यात आधी त्या समीकरणावरच तुटून पडतो. त्यावर टिचकी मारतो, अंश-छेद पुसून पुन्हा भरतो, फॉन्ट मोठा करतो, लहान करतो, मग फाइल बंद करून उघडतो आणि शेवटी कॉम्प्युटरच बंद करून उघडतो. एवढं करूनही अपूर्णांकाचं डोकं उडालेलंच राहिलं, तर ऑफिसात ‘यातलं कळणारा’ म्हणून जो एक प्रसिद्ध असतो त्याला हाक जाते. तो येतो, समीकरणाकडे ढुंकूनही पाहत नाही, भलतीकडेच कुठेतरी एक टिचकी मारतो आणि सगळं जागेवर येतं. काय केलं ते तो सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या वेळी कोण बोलावणार? या लेखाचा विषय ती भलतीकडची टिचकी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की वर्डमधलं समीकरण सहसा आजारी नसतंच, त्याचे शेजारी आजारी असतात. सोसायटीत आपल्या छतातून पाणी टपकायला लागलं तर शहाणा माणूस आपलं छत खरवडत बसत नाही, वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवतो. हाच शहाणा माणूस फाइल उघडून बसला की मात्र खरवडणी हातात घेतो.

पहिला शेजारी आकारानं सगळ्यात लहान आहे, तो म्हणजे पूर्णविराम. परिच्छेदात समीकरण एकटंच असेल तर वर्ड त्याला मानानं वागवतं. मधोमध बसवतं, अपूर्णांक पूर्ण उंचीचा दाखवतं, बेरजेच्या सिग्माच्या डोक्यावर आणि पायाशी मर्यादा नीट लावतं. याला वर्डच्या बोलीत ‘डिस्प्ले’ म्हणतात. आता समीकरण संपलं, वाक्यही संपलं, म्हणून शाळेत शिकवल्याप्रमाणे आपण पुढे एक टिंब देतो. त्याच क्षणी समीकरण मधली जागा सोडून डाव्या भिंतीला जाऊन टेकतं, अपूर्णांक आक्रसतो आणि सिग्माच्या मर्यादा डोक्यावरून-पायाशी निघून त्याच्या कुशीला येऊन चिकटतात. वर्डचा हिशेब असा, की परिच्छेदात समीकरणाखेरीज एक जरी अक्षर असलं तरी ते समीकरण मजकुराचा भाग झालं, म्हणजे ‘इनलाइन’. आणि मजकुराच्या ओळीत बसायचं तर अंग चोरूनच बसलं पाहिजे. हिशेबात खोट नाही. भर मजकुरात पूर्ण उंचीचा अपूर्णांक उभा राहिला तर वरखालच्या ओळी विस्कटतील हे कुणालाही पटेल. पण टाइप करणाऱ्याला हा हिशेब कुणी सांगितलेला नसतो. त्याला दिसतं एवढंच, की टिंब दिलं आणि समीकरण गेलं. मराठी माध्यमाच्या गणितात तर हे रोजचंच, कारण आपल्याकडे उदाहरणाच्या निम्म्या पायऱ्या ‘म्हणून’ने सुरू होतात. ‘म्हणून’ चौकटीबाहेर टाइप झालं की ती पायरी आक्रसली. पुढच्या पायरीत ‘म्हणून’ नाही, ती ऐसपैस. एकाच उदाहरणाच्या पाच पायऱ्या, त्यातल्या तीन सडपातळ, दोन धष्टपुष्ट, आणि गुरुजी एकेका पायरीचा फॉन्ट तपासत बसलेले. फॉन्ट पाचही ठिकाणी एकच असतो. इलाज सोपा आहे. टिंब समीकरणाच्या चौकटीच्या आत घ्यायचं. आत आलं की ते घरचं माणूस ठरतं आणि कुणाची काही तक्रार राहत नाही.

दुसरा शेजारी जास्त धूर्त, कारण तो दिसतच नाही. तो म्हणजे ओळींमधलं अंतर. प्रबंध पानांत बसवायचा असतो, ओळी समान दिसायला हव्या असतात, म्हणून डीटीपी करणारा लाइन स्पेसिंगमध्ये जाऊन ‘एक्झॅक्टली’ निवडतो आणि समोर १८ पॉइंट भरतो. आपण बोलण्यात ‘एक्झॅक्टली’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘हो हो, तेच’ इतकाच असतो. वर्ड तो शब्द कायद्यासारखा पाळतं. १८ पॉइंटांच्या खोलीत ३० पॉइंटांचा पाहुणा आला तर ते खोली वाढवत नाही, पाहुण्याचं डोकं छाटतं. मग वर्गमूळाचं छप्पर उडतं, अंशाचा फक्त खालचा अर्धा भाग उरतो, आठाचा शून्य दिसतो. विद्यार्थी तो अंश तीनदा नव्यानं टाइप करतो आणि वर्ड तीनदा त्याची मान उडवतं. ‘एक्झॅक्टली’च्या जागी ‘ॲट लीस्ट’ केलं की मान परत येते. हा पर्याय त्याच यादीत, ‘एक्झॅक्टली’च्या अगदी वरच बसलेला असतो. पण समीकरण बिघडलं असताना परिच्छेदाच्या यादीत डोकावावं असं कुणाच्या मनात का यावं?

तिसऱ्याची गोष्ट उलटी आहे. इथे समीकरणाचा फॉन्ट स्वतःच शेजाऱ्यांच्या घरात शिरतो. फॉन्टच्या यादीत ‘कॅम्ब्रिया’च्या बरोबर खाली ‘कॅम्ब्रिया मॅथ’ असतो. माऊस जरा घसरला की साधा मजकूर त्या फॉन्टमध्ये जातो, आणि ओळी एकमेकींपासून इतक्या लांब होतात की वाटणीवरून अबोला धरलेल्या जावा वाटाव्यात. कारण असं, की या फॉन्टला हातभर उंचीचे कंस आणि इंटिग्रलची चिन्हं पोटात सामावायची असल्यामुळे त्याची नोंदवलेली उंची अवाढव्य आहे, आणि वर्ड ती नोंद प्रमाण मानून प्रत्येक ओळीला, अगदी ‘आपला नम्र’ या ओळीलासुद्धा, तेवढी जागा मोजून देतं. आपल्याकडे याला आणखी एक देशी जोड आहे. युनिकोडपूर्वीचे जे फॉन्ट अजून छापखान्यांत आणि कचेऱ्यांत ठाण मांडून आहेत, त्यांत रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरी अक्षरं बसवलेली असतात. कृतिदेवमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या जागी ‘त्र’ आहे आणि अधिकाच्या जागी नुक्ता. साध्या मजकुरात टाइप केलेली बेरीज कुणी ‘सगळं निवडा आणि फॉन्ट बदला’ म्हणत या फॉन्टमध्ये ओढली, की तिच्यातून बेरीज नाहीशी होते आणि उर्दू शब्दांवर असावा तसा एक नुक्ता मागे उरतो.

या सगळ्याचं मूळ घराच्या बांधणीत आहे. वर्ड प्रोसेसर हा टाइपरायटरचा वंशज, आणि टाइपरायटर म्हणजे बैठी चाळ. अक्षराशेजारी अक्षर, सगळ्यांचा उंबरठा एका पातळीत, एक ओळ संपली की दुसरी. गणिताला मात्र मजले लागतात. छेदावर अंश, अंशावर घातांक, घातांकाला पुन्हा घातांक, आणि कधीकधी सगळ्यांवर मिळून वर्गमूळाची पत्र्याची शेड. बैठ्या चाळीत असा भाडेकरू आला की कटकट ठरलेली, आणि ती कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीची आहे. इंग्रजी छापखान्यांच्या बोलीत गणिताच्या मजकुराला ‘पेनल्टी कॉपी’ म्हणत. जुळवायला वेळ जास्त, म्हणून खर्चही जास्त. टाइपरायटरवर प्रबंध होत तेव्हा समीकरणापुरती जागा कोरी सोडत आणि मागाहून चिन्हं शाईनं, हातानं भरत. त्या प्रबंधांतली अक्षरं आता पिवळी पडली असतील, पण एकही इंटिग्रल आपली जागा सोडून गेलेला नाही, हे मान्य केलं पाहिजे.

कुणी म्हणेल, मजल्यांची ही हौस पाश्चात्त्यांची, आपल्या पूर्वजांचं गणित श्लोकांत होतं, सरळ ओळीत बसत होतं. हे अर्धंच खरं आहे. ज्यांच्या विद्येसाठी नातू चांगदेवानं चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला आणि तसा शिलालेख कोरून ठेवला, त्या भास्कराचार्यांचे नियम श्लोकबद्ध आहेत खरे. आणि १२ व्या शतकातल्या त्यांच्या ‘बीजगणिता’त अज्ञात राशींना या, का, नी अशी साधी अक्षरं आहेत. यावत्-तावत्, कालक, नीलक यांची ही लघुरूपं कुठल्याही कीबोर्डवर उमटतील. पण प्रत्यक्ष मांडणीची वेळ आली तेव्हा समीकरणाच्या दोन बाजू एकीखाली एक लिहाव्या लागल्या, अंशाखाली छेद आला, मधली रेघ तेवढी नव्हती. ऋण संख्या ओळखायची ती डोक्यावरच्या टिंबावरून. म्हणजे मजले तिथेही होतेच. वर्ड त्या काळी असतं तर ‘एक्झॅक्टली १८’ च्या ओळीत ते टिंब छाटलं गेलं असतं आणि आचार्यांची सगळी ऋणं एका रात्रीत धन झाली असती.

आता आक्षेपांकडे. पहिला असा, की प्रत्येक वेळी शेजाऱ्यालाच का धरायचं, कधी समीकरणही चुकीचं असतं की. असतं. साइन हे फलाचं नाव तिरप्या अक्षरांत उमटलं तर गणिताच्या वाचकाला ते तीन वेगळ्या चलांच्या गुणाकारासारखं दिसतं. वजा पाच लिहिताना वजाच्या चिन्हाऐवजी टाइप केलेली संयोगरेषा आखूड असते, शिवाय ओळ संपताना ती वरच्या ओळीत राहते आणि पाच खालच्या ओळीत जातो. मग खालचा पाच बापडा धन समजला जातो. गुणिलेच्या जागी इंग्रजी एक्स घालणारे तर गावोगाव आहेत. पण या चुकांचं एक बरं असतं. त्या जिथे दिसतात तिथेच असतात. बोट ठेवलं, दुरुस्त केलं, संपलं. संध्याकाळ खाणाऱ्या, रात्री अकराला फोन करायला लावणाऱ्या चुका वेगळ्या. त्या एका जागी दिसतात आणि दुसऱ्या जागी राहतात. तक्रार त्यांच्याबद्दल आहे.

कधीकधी तर शेजाऱ्याच्याही पुढे जाऊन थेट घरमालकाला धरावं लागतं. वर्डमध्ये बरीच वर्षं ‘इक्वेशन एडिटर ३.०’ नावाचा एक जुना कारागीर राहत होता. मायक्रोसॉफ्टनं तो डिझाइन सायन्स या कंपनीकडून घेतलेला, म्हणजे मूळचा बाहेरचा. २००७ च्या वर्डमध्ये कंपनीनं स्वतःची नवी यंत्रणा आणली, तरी जुन्याला जिन्याखालची खोली दिलेलीच होती. त्या वर्षी एक गंमत झाली. नवी समीकरणं इतकी नवी निघाली की ‘सायन्स’ आणि ‘नेचर’ या जगातल्या मातबर विज्ञान-नियतकालिकांनी वर्ड २००७ च्या फाइली घ्यायला नकार दिला, कारण त्यांच्या छपाईच्या साखळीला ती समीकरणं वाचता येत नव्हती. म्हणजे शोध लागला, सिद्ध झाला, आणि दारातच अडला तो फाइलीच्या आडनावावरून. इकडे तीच फाइल जुन्या आडनावानं, डॉक म्हणून, साठवली की नवी समीकरणं चित्रं होऊन बसतात. डोळ्यांना दिसतात, बोटांना लागत नाहीत. आणि डॉक उघडून बसलेल्याला इक्वेशनचं बटण राखाडी दिसतं. तो ते दाबत राहतो, जणू जोर लावला की रंग परत येईल. फाइल नव्या आडनावानं साठवली की बटण आपोआप जागं होतं. पुढे २०१७ मध्ये त्या जिन्याखालच्या कारागिराच्या प्रोग्रॅममध्ये १७ वर्षांपूर्वीचं भगदाड सापडलं, ज्यातून कुणीही परका कॉम्प्युटरमध्ये शिरू शकला असता. ते बुजवलं तर आणखी निघालं. शेवटी जानेवारी २०१८ मधल्या अपडेटबरोबर त्याला खोलीसकट बाहेर काढलं. त्यानं केलेली समीकरणं मागे राहिली, पण त्यांवर दोनदा टिचकी मारली की ‘हा इसम इथे राहत नाही’ अशा अर्थाची पाटी येते. ज्यानं २००३ साली प्रश्नसंच करून ठेवला त्याच्या समीकरणात त्या दिवशी काहीच बिघडलं नव्हतं. काल होता तसाच कंस, तसाच घातांक. गेला तो दुरुस्त करणारा.

दुसरा आक्षेप घेणारे फार स्वाभिमानी असतात. त्यांचं म्हणणं, या चाळीत राहताच कशाला, लाटेक वापरा. हा सल्ला ते दर तीन महिन्यांनी देतात आणि चुकीचा नसतो म्हणूनच तो जास्त बोचतो. लाटेकचं मूळ असं, की संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती १९७७ मध्ये जुळणीला गेली होती. आलेल्या मुद्रितांचं रूप त्यांना इतकं खटकलं की त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून अक्षरजुळणीची टेक ही व्यवस्थाच लिहायला घेतली. काम थोडक्यात आटपेल असा अंदाज होता, ते दहा वर्षांवर गेलं. मुद्रितं पाहून संतापलेले लेखक मराठीतही पुष्कळ झाले, पण इतकं लांबचं उत्तर कुणी दिल्याचं आठवत नाही. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीगणिक पायच्या किमतीकडे सरकतो आणि पुस्तकातली चूक शोधून देणाऱ्याला क्नुथ २००८ पर्यंत २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवत असत. तिथली समीकरणं सुंदर दिसतात याबद्दल वादच नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर उभं केलेलं लाटेक गणितवाल्यांच्या घरोघरी पोचलं ते काही उगाच नाही. पण शेजार तिथेही सुटत नाही. समीकरणाच्या आधी सहज म्हणून एक ओळ मोकळी सोडली तर लाटेक तिला परिच्छेद समजतं आणि वर नको तेवढी पोकळी पाडतं. समीकरण मिटवणारं एक डॉलरचिन्ह राहिलं, तर पुढची वाक्यं शब्दांमधल्या जागा गिळून तिरप्या अक्षरांत धावत सुटतात आणि यंत्र ‘मिसिंग डॉलर’ची हाकाटी करतं, तीही बहुतेक वेळा डॉलर हरवला तिथे नाही, परिच्छेद संपतो तिथे. म्हणजे चोरी एका घरी आणि पंचनामा दुसऱ्या घरी. फरक इतकाच, की लाटेकमध्ये निदान पंचनामा होतो. आणि मुख्य अडचण वेगळीच आहे. प्रश्नपत्रिका मागणारं कार्यालय, लेख मागणारा संपादक आणि अहवाल मागणारा साहेब या तिघांनाही ‘वर्ड फाइल’ हवी असते. त्यांच्यापुढे क्नुथ यांचंही काही चाललं नसतं.

तिसरा पक्ष व्यवहारी. समीकरण कुठेतरी नीट लिहा, त्याचा फोटो काढा, फोटो चिकटवा, कटकट गेली. हा मार्ग इतका लोकप्रिय आहे की अनेक प्रश्नसंच आता समीकरणांचे अल्बम झाले आहेत. पण फोटोतलं समीकरण हे शेजाऱ्यांशी संबंध तोडून बसलेलं समीकरण असतं. मजकूर मोठा केला तरी ते लहानच राहतं, कागद पांढरा असला तरी त्याची पार्श्वभूमी करडी, छपाईत कडा विरघळलेल्या, आणि आधाराची ओळ चुकल्यामुळे बाजूच्या शब्दांपेक्षा बोटभर वर तरंगणारं. एवढं करून त्यात अधिकाचं वजा करायचं ठरलं तर नवा फोटो. शिवाय जे विद्यार्थी डोळ्यांनी वाचत नाहीत, वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतात, त्यांना या अल्बममधून ‘चित्र’ एवढाच शब्द ऐकू येतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यात आपला वाटणारा आहे. ‘समजून घेतात हो मुलं.’ क्ष चा वर्ग लिहिताना दोन खालीच राहिला तर राहिला, अर्थ कळल्याशी कारण. अक्षरांपुरतं हे चालून जाईल. क्ष च्या शेजारी दोन दिसला तर मूल थबकेल तरी, बाईंना विचारेल तरी. अंकांच्या बाबतीत थबकायला जागाच राहत नाही. दहाचा पाचवा घात टाइप करताना पाच सुपरस्क्रिप्ट करून वर चढवला, मग कुणीतरी फाइल ‘नीट’ करायला घेतली, सगळा मजकूर निवडून कंट्रोल आणि स्पेस दाबलं, किंवा तो मजकूर फोनवरच्या साध्या संदेशातून पुढे पाठवला, की पाच निमूटपणे खाली उतरतो आणि १०५ होतो. एक लाखाचे एकशे पाच झाले. बिघडलेलं समीकरण निदान बिघडलेलं दिसतं. त्याचं डोकं उडतं, ते भिंतीला टेकतं, आपलं लक्ष वेधतं. हा १०५ धुतल्या तांदळासारखा दिसतो. त्याचा फॉन्ट बरोबर, ओळ बरोबर, अंतर बरोबर, स्पेलचेकही त्याच्याखाली लाल रेघ ओढत नाही. मुलं तो खरा मानून गणित सोडवतात आणि उत्तर न जुळल्यामुळे स्वतःलाच दोष देतात.

म्हणून गणिताच्या प्रश्नपत्रिका करणाऱ्यांना एवढीच विनंती, की फाइल छापायला देण्याआधी ‘शोधा’च्या चौकटीत १०२ पासून १०९ पर्यंतचे आकडे एकेक करून घालून पाहा. आठच आहेत, पाच मिनिटंही लागत नाहीत.